गोव्यात फोंड्यातल्या हॉलमध्ये दुसरा सबवूफर: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

होम थिएटरला दुसरा सब (सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर) घेतला की दणका दुप्पट होईल, या हिशेबाने पैसे घालणार असाल तर आधी थांबा. दोन सब नीट जुळले तर ६ डेसिबलची भर पडते खरी, पण ती गेन (सबच्या आवाजाची पातळी) उतरवून परत काढूनच घ्यायची असते. पैसे वसूल होतात ते दुसरीकडे: सोफ्यावर डावीकडे, मध्ये, उजवीकडे कुठेही बसा, बास सारखाच लागतो. एकट्याने एकाच खुर्चीत बसून पाहणाऱ्याला याचा फारसा उपयोग नाही. त्याने एकाच सबची जागा बदलून आणि इक्वलायझर (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारी सोय) लावून भागवावे.

आधी मांडणी सांगतो. एसव्हीएसचे दोन एसबी-१००० प्रो, म्हणजे १२ इंची ड्रायव्हर, बंद पेटी, ३२५ वॅट. हॉल ५.२ बाय ३.६ मीटर, उंची ३ मीटर. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती, वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड लादी. हे तपशील महत्त्वाचे, कारण अमेरिकी मार्गदर्शन जिप्समच्या पोकळ भिंती गृहीत धरते. तशी भिंत स्वतः थरथरून थोडा बास खाते. चिऱ्याची जाड भिंत जवळजवळ काहीच खात नाही, बहुतेक सगळे परत फेकते. त्यामुळे आपल्याकडे घुमण्याच्या फ्रिक्वेन्सी जास्त टोकदार निघतात.

त्या काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. ३४६ ला (आवाजाचा वेग, सेकंदाला मीटरमध्ये) लांबीच्या दुपटीने भागा. आमच्या लांबीला ३३ हर्ट्झ येतात, रुंदीला ४८, उंचीला ५८. एकटा सब कोपऱ्यात होता तेव्हा मधल्या जागेवर ४८ च्या आसपास खड्डा पडे आणि बाजूच्या दोन्ही जागांवर तीच फ्रिक्वेन्सी ढणढणे. इक्वलायझरने ४८ कापले की मधला प्रेक्षक उपाशी, वाढवले की कडेचे हैराण. कोपऱ्यातल्या एका सबने यातून सुटका नाही.

हार्मन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोलीसाठी याच प्रश्नाचा अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या बरोबर मध्यावर ठेवलेले दोन सब जवळजवळ चार सबइतकेच काम देतात, हा त्याचा निष्कर्ष. आम्ही एक टीव्हीखाली आणि एक सोफ्यामागच्या भिंतीला ठेवला, दोन्ही रुंदीच्या मध्यावर. ३३ हर्ट्झला खोलीच्या दोन टोकांचे दाब एकमेकांच्या उलट असतात. दोन्ही टोकांनी एकदम सारखाच ढकला दिला की तो घुमारा उठतच नाही. रुंदीच्या ४८ ला मध्यभागी दाब शून्य असतो, म्हणून मध्यावरचा सब त्याला चेतवत नाही. उरतात उंचीचे ५८ आणि लांबीचे दुसऱ्या पायरीचे, म्हणजे ३३ च्या दुपटीचे, ६६. तेही सगळ्या जागांवर जवळपास एकाच मापाने उरतात, त्यामुळे आता इक्वलायझरला अर्थ येतो. सोफा मात्र मागच्या भिंतीपासून लांबीच्या पाव अंतरावर, म्हणजे इथे १.३ मीटरवर, नको. तिथे ६६ चा खड्डा असतो. आमच्याकडे कानांची रेषा समोरच्या भिंतीपासून ३.४ मीटरवर आहे.

बहुतेक घरांत दोन्ही सब टीव्हीच्या दोन बाजूंना जातात, दिसायला बरे म्हणून. त्याने रुंदीचा घुमारा जातो, लांबीचा तसाच राहतो. मागच्या भिंतीच्या मध्यावर जेवणघराचे दार असेल तर हेच करावे लागते, किंवा डाव्या-उजव्या भिंतींचे मध्य पाहावेत.

आता ज्यावर सर्वांत जास्त गोंधळ होतो ते: डिले, म्हणजे एखाद्या सबचा आवाज मुद्दाम उशिरा सोडणे. मागचा सब कानापासून १.४ मीटर, पुढचा ३ मीटर. फरक १.६ मीटर, म्हणजे साधारण ४.६ मिलिसेकंद. अंतर वेगवेगळे मोजणारा एव्हीआर (सगळे स्पीकर चालवणारा रिसीव्हर) मागच्या सबला तेवढे उशिरा वाजवतो आणि ऐकणारा खूश होतो. पण ४.६ मिलिसेकंद म्हणजे ३३ हर्ट्झच्या एका आवर्तनाचा सातवा भाग. दोन टोकांचा ढकला आता एकदम लागत नाही आणि ज्या रद्द होण्यासाठी दुसरा सब आणला त्याचाच मोठा भाग वाया जातो. समोरासमोर, सारख्या मॉडेलची जोडी असेल तर दोघांना डिले शून्य आणि गेन सारखा, हेच आमच्या मापांत सरस ठरले. एकच सब प्री-आऊट (सबकडे जाणारा सॉकेट) असलेल्या एव्हीआरला साधी वाय-केबल (एकाची दोन टोके करणारी) लावली तरी नेमके हेच मिळते. डेननच्या एव्हीआर-एक्स३८००एच सारख्या चार स्वतंत्र सब-आऊटच्या यंत्राची, किंवा मिनीडीएसपी २x४ एचडी या आवाज जुळवणाऱ्या वेगळ्या डबीची, गरज पडते ती जागा बेढब असतील तेव्हा, किंवा दोन सब वेगवेगळ्या जातीचे असतील तेव्हा. जुना पोर्टवाला (पेटीला हवेचे भोक असलेला) आणि नवा बंद पेटीचा अशी जोडी जमवू नका. पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेला असतो तिच्याजवळ दोघांचे फेज (लाटांच्या चढउताराची वेळ) वेगळ्या वाटेने जातात आणि तिथला बास एकमेकांत विरतो.

गेन जुळवायचा तो सोफ्यावर बसून नव्हे. दोन्ही सब शेजारी शेजारी ठेवा, माइक १ मीटरवर, एकेक वाजवून आकडा सारखा करा, मग आपापल्या जागी न्या. दोघांचा लो-पास (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचे कापणारा फिल्टर) पूर्ण वर, फेज शून्य. एव्हीआरमध्ये क्रॉसओव्हर (ज्याखालचा आवाज स्पीकरऐवजी सबकडे जातो) ८० हर्ट्झ. एलएफईचा (सिनेमातल्या वेगळ्या बास-चॅनेलचा) लो-पास कारखान्यातून १२० वर येतो, तो ८० ते १०० वर आणा, नाहीतर मागचा सब पाठीमागून बोलताना ओळखू येतो.

मोजमापाला आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर आणि यूएमआयके-१ माइक पुरेसे. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, कारण सिनेमा पाहताना एसी चालू आणि खिडक्या बंदच असतात. उघड्या खिडकीने सर्वांत खालचा बास बाहेर पळतो आणि आलेख खोटा निघतो. तिन्ही जागांवर, डोक्याच्या पातळीला, थोडे पुढे-मागे करून स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर) घ्या आणि सरासरी काढा. एसव्हीएसच्या अ‍ॅपमध्ये इक्वलायझरचे तीन पॅरामेट्रिक बँड मिळतात. ६६ ला क्यू (काप किती अरुंद ते) ५ च्या आसपास ५-६ डेसिबल काप, ५८ ला थोडा, आणि दोन्ही सबना तेच आकडे. खड्डे भरायला जाऊ नका, अ‍ॅम्प्लिफायर दमतो आणि खड्डा तिथेच राहतो. शेवटी दोन्ही सब मिळून एकच आहे असे धरा, सेंटर स्पीकरसोबत स्वीप घ्या आणि एव्हीआरमधले सबचे अंतर ३० सेंटिमीटरच्या टप्प्यांनी बदला. ६० ते १०० हर्ट्झमधली आलेखाची रेघ जिथे सर्वांत भरते तिथे थांबा. हे अंतर फुटपट्टीच्या अंतराशी जुळणार नाही, सबच्या आतल्या डीएसपीचा (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या चिपचा) उशीर त्यात धरलेला असतो.

एवढे झाल्यावर तीन जागांतला फरक, जो आधी १०-१२ डेसिबलपर्यंत जाई, तो ३-४ वर आला. प्रत्येक सब आता निम्म्या कष्टात चालतो, त्यामुळे खालचा आवाज फुगत नाही आणि शोकेसच्या काचा पूर्वीइतक्या वाजत नाहीत. उरलेली खडखड शोधायला २० ते ८० हर्ट्झचा संथ स्वीप लावून घरभर फिरा. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या पहिल्या गुन्हेगार, तिथे फेल्टची पट्टी लावा.

केबलीत चुकायला भरपूर वाव आहे. पुढून मागे भिंतीच्या कडेने जाताना ८-९ मीटर लागतात, १० मीटरची घ्या. डिशसाठीची आरजी-६ कोॲक्स, दोन टोकांना आरसीए, उत्तम चालते. विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका, ओलांडायची तर काटकोनात. वायरलेस किट लावायचे तर दोन्ही सबना लावा. एकालाच लावले तर त्याचा उशीर फक्त तिकडे पडतो. दुसरा सब जोडताच ५० हर्ट्झचा घूं सुरू झाला तर आरसीए काढून पाहा. आवाज गेला तर अर्थचा फेरा (ग्राउंड लूप) आहे, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडला गेला आहे. दोन्ही सब आणि एव्हीआर एकाच बोर्डावर आणा. त्यानेही गेला नाही तर डिशची वायर काढून बघा, मग लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला देणाऱ्या मेस्त्रीला चहा देऊन परत पाठवा. एप्रिल-मेमध्ये चिऱ्याची जमीन सुकते आणि अर्थिंग कमजोर होते, त्या दिवसांत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे.

पावसाळ्यात ग्रिलच्या कापडाला बुरशी धरते, ती कोरड्या ब्रशने काढायची, ओल्या फडक्याने नव्हे. जास्त काळजी खालच्या बाजूची. लादी पुसताना पाणी एमडीएफच्या तळाला लागले की पेटी फुगते, म्हणून रबरी पाय निदान २५ मिलिमीटरचे हवेत. गोव्यात बंद पेटीच बरी असे माझे मत आहे, कारण पोर्टमध्ये पाली आणि झुरळे बिनभाड्याने राहतात. मेअखेर आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग आणि डिशची वायर दोन्ही उपटून ठेवावीत. स्पाइक गार्डचा भरवसा घरातली अर्थिंग जेवढी खरी तेवढाच.

चवथीला (गणेश चतुर्थीला) हॉल रिकामा करावा लागतोच. तेव्हा सबच्या चारही पायांच्या खुणा लादीवर मास्किंग टेपने करून ठेवल्या की परत मांडताना मोजमाप नव्याने करावे लागत नाही. मात्र सोफा कुठे होता त्याचीही खूण हवी.