असिस्ट डॉट ऑर्ग : फुकटची साइट, साडेचार तारे

धाकट्याने हायस्कूल संपवून कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोच्या डी आन्झा या दोन वर्षांच्या सरकारी 'कम्युनिटी कॉलेजा'त नाव घातलं, तेव्हा साताऱ्याहून वन्संचा फोन. "कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं आयटीआय का गं?" इथल्या मंडळातही लोक 'अरे वा' म्हणून हळूच विषय बदलायचे. पोराचं मात्र पक्कं होतं: दोन वर्षं इथे, मग बर्कली विद्यापीठाच्या हास या बिझनेस स्कूलमध्ये. युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ३१ डॉलर फी बघून त्याचे बाबा एका दिवसात तयार झाले.

घोळ मी घातला. ओळखीतून एक खाजगी प्रवेश-सल्लागार गाठला आणि अडीच हजार डॉलर मोजले. त्याने दोन वर्षांचं रंगीत वेळापत्रक बनवून दिलं, मी ते फ्रिजवर चिकटवलं. दुसऱ्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात पोरगा म्हणाला, "आई, असिस्टवर हे जुळत नाहीये." मला वाटलं, असिस्ट म्हणजे कॉलेजातलं कुणीतरी असेल.

ही साइट कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांची आहे. वर्ष निवडा, आपलं कॉलेज निवडा, जिथे जायचं ते विद्यापीठ निवडा, मग विषय. डावीकडे विद्यापीठाला हवा तो कोर्स, उजवीकडे त्याच्या जागी आपल्याकडचा कोणता चालतो ते. दिसायला रेल्वेच्या आरक्षण तक्त्याइतकी रुक्ष. खरी गंमत उजवीकडे दोन कोर्सांच्या मधल्या बारीक 'अँड'मध्ये आहे. डी आन्झाला छोटे क्वार्टर, बर्कलीला लांब सेमिस्टर. त्यामुळे तिकडच्या एका कोर्सासाठी इकडचे दोन करावे लागतात असं बरेचदा होतं, आणि एकच केला तर तो मोजत नाहीत. सल्लागाराच्या रंगीत कागदावर अशा एका जोडीतला पहिलाच कोर्स होता. दुसऱ्याचा पत्ता नाही! विचारलं तर म्हणाला, "बघून कळवतो." अजून बघतोय.

कॉलेजच्या काउन्सेलरने अर्ध्या तासात सगळं नीट लावून दिलं, तेही फुकट. जोडी एकाच कॉलेजात पूर्ण करा, अर्धी इथे अर्धी तिथे नको, हा सल्ला तिचाच. त्या राहिलेल्या कोर्साचा वर्ग भरलेला होता. पोराने वेटलिस्टवरून जागा मिळवली.

साइटला अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. कोर्स जुळतात का, एवढंच ती सांगते; प्रवेश मिळेल का, ते नाही. यूएससीसारखी बरीच खाजगी विद्यापीठं तिथे सापडायची नाहीत. आणि 'बिझनेस' म्हणून शोधलं की यूसीएलएमध्ये (लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठात) बिझनेस इकॉनॉमिक्स निघतं, ती वेगळी पदवी; तिची यादी वेगळी उघडून बघा. 'टॅग' नावाची प्रवेशहमी यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) सहा कॅम्पसवर मिळते, त्यांत बर्कली आणि यूसीएलए नाहीत. तिचा अर्ज सप्टेंबरमध्येच. आम्ही ती त्या सहांतल्या डेव्हिसला लावून ठेवली होती, म्हणून मला रात्री झोप तरी लागायची.

यूसीच्या अर्जात निबंध चार, प्रत्येकी साडेतीनशे शब्दांच्या आत. सल्लागाराचं 'ब्रँडिंग' टाकून पोराने बाबांच्या मित्राच्या किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीवर लिहिलं. कुणाकडून पैसे मागायचे आणि कुणाकडून नाही, हे ते काका वही न उघडता कसं ठरवतात त्याबद्दल. मला तोच सगळ्यात आवडला. (मी मराठीतून ऐकला, त्यामुळे शब्द किती झाले ठाऊक नाही.)

एप्रिलमध्ये बर्कलीचा होकार आला. वन्संना फोन केला तर म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." अर्धा तारा कापलाय तो मोबाइलवर ते तक्ते वाचताना चष्मा लागतो म्हणून. लॅपटॉपवर उघडा, पीडीएफ काढा, वर छापलेलं वर्ष आपलंच आहे ना बघा, आणि 'अँड'ला पेनाने गोल करा.