दरोजीचा अस्वल-मनोरा: अस्वल दिसेल, फोटोसाठी मात्र सहाशेची लेन्स हवी

हंपीला जाणारी बरीच मराठी मंडळी एक दुपार दरोजीसाठी राखून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. हंपीपासून पंधराएक किलोमीटरवरचं हे अस्वल अभयारण्य 1994 साली घोषित झालं, 2009 मध्ये वाढवलं गेलं आणि आज ते साधारण 82 चौरस किलोमीटरचं आहे. ताडोब्यात अस्वल दिसलं तर जिप्सीतून क्षणभर, तेही झुडपात शिरणारी पाठ. इथे मनोऱ्यावर बसून समोरच्या खडकांवर ते निवांत पाहता येतं. पाहायला जाणार असाल तर डोळे मिटून जा. फोटो काढायचे असतील तर आधी थोडं गणित करा.

मनोरा आणि खडक यांच्यात अंतर बरंच आहे. ते दीडशे मीटर धरलं, तर फुल फ्रेम (36 मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 600 मिमी लेन्स लावूनही चौकटीत 9 मीटर रुंदीचा खडक येतो. दीड मीटरचं अस्वल त्याचा सहावा हिस्सा, म्हणजे 24 मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे जेमतेम हजार पिक्सेल. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, हाच आकडा दीड हजारांच्या आसपास जातो, म्हणून इथे महागड्या फुल फ्रेमपेक्षा साधा क्रॉप बॉडी आणि 150-600 झूम ही जोडी जास्त कामाची. 400 मिमीवर अस्वलाचा काळा ठिपका येतो. मोबाइलवाल्यांनी 8×42 ची दुर्बीण न्यावी आणि मोबाइल खिशातच ठेवावा.

टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारं जोडभिंग) लावून अंतर कापू म्हणाल तर तेही फसतं. दुपारभर तापलेल्या ग्रॅनाइटवरून गरम हवा वर चढत असते. तिच्यातून काढलेला फोटो स्क्रीनवर ठीक दिसतो, पण घरी मोठा करून पाहिला की केस वितळल्यासारखे. दोष लेन्सचा नसतो, आणि 1.4× कन्व्हर्टरने ही थरथर आणखी मोठी होते. शिवाय प्रकाश कमी होतो, एफ 6.3 ची लेन्स एफ 9 होते आणि फोकस शोधत बसते. ऊन उतरेपर्यंत थांबणं हाच उपाय. पाचनंतरचे फोटो दोनच्या फोटोंपेक्षा हमखास स्वच्छ येतात.

एक्स्पोजरमध्ये बहुतेकांचं इथेच चुकतं. प्राणी काळाकुट्ट, खडक उजळ. चौकटीत खडकच जास्त असल्याने कॅमेरा सगळं गडद करतो आणि अस्वलाच्या जागी नुसतं भोक उरतं. एक्स्पोजर +0.7 ते +1 स्टॉप वाढवून द्या आणि खडकाचा उजळ भाग जळत नाही ना, हे हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर) बघा. स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यावरचा उजेड मोजणं) काळ्या केसांवर धरलंत तर नेमकं उलट होईल, सगळा खडक पांढराफटक. फोकसही अंगावर धरू नका, त्या काळ्या केसांत कॅमेऱ्याला पकडायला काही सापडत नाही. फिकट राखाडी मुस्कटावर एकच बिंदू ठेवा. रॉ (कच्ची) फाइल, ऑटो आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोडलेली), चालत्या अस्वलाला शटर 1/500 सेकंद, पाठीवर पिल्लं असतील तर 1/1000. आई उतारावर वळते तेव्हा पिल्लं तिच्या केसांना धरून लटकतात. इथला सगळ्यात चांगला फोटो तोच.

मनोऱ्यावर ट्रायपॉड नेऊ नये असं आमचं मत. जागा सगळ्यांची, त्यात शेजारचा पाय आपटत चालला की 600 मिमीला धक्का जाणवतोच. त्यापेक्षा कठड्यावर बीन बॅग. पिशवी रिकामी न्या आणि होस्पेटच्या बाजारात दोन किलो तांदूळ भरून घ्या. वजनही वाचतं, परतताना भातही होतो.

आता गुळाची गोष्ट. दुपारी वनखात्याची माणसं खडकांवर गूळ-मधाचं मिश्रण फासतात आणि त्यासाठी अस्वलं खाली येतात. ही इथली जुनी रीत. तिच्यामुळेच दर्शनाची खात्री आहे आणि तिच्यामुळेच बहुतेक फोटोंत अस्वल मान खाली घालून दगड चाटताना दिसतं. वारूळ उकरून वाळवी ओढणारं अस्वल हवं असेल तर इथे नशीबच लागतं. खडकाकडे येणारं आणि चाटून झाल्यावर मान वर करणारं अस्वल टिपा, मधला वेळ कार्ड भरू नका. स्पर्धेला फोटो पाठवणार असाल तर आमिषाचा उल्लेख करा. अनेक ठिकाणी असा फोटो बाद होतो. आम्हाला ही पद्धत मनापासून पटत नाही, पण तिच्याविना मनोऱ्यावर कोण येईल, हाही प्रश्न आहेच.

अंतर जास्त म्हणून खाली उतरून पुढे सरकण्याचा आग्रह गाडीवाल्याला किंवा गार्डला करू नका. अस्वलाची नजर अधू, नाक तीक्ष्ण. वारा उलटा असेल तर अगदी जवळ येईपर्यंत त्याला माणसाचा पत्ता लागत नाही, आणि मग दचकून ते थेट डोक्या-चेहऱ्यावर येतं. बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मोहफुलं, तेंदूपानं वेचणाऱ्यांवर होणारे हल्ले बहुधा असेच. पळून सुटका नाही, झाडावरही ते चढतं. लांबून दिसलं तर हळूहळू मागे सरकायचं. अंगावरच आलं तर पालथं पडून मान दोन्ही हातांनी झाकायची.

सोलापूरहून विजापूर-कुष्टगीमार्गे होस्पेट आणि पुढे कमलापूर, रस्ता सरळ आहे. शनिवार-रविवार टाळा. मनोऱ्यावरच्या गप्पांनी अस्वल पळत नसेल कदाचित, पण मोर आणि मुंगूस जातात, आणि अस्वल येईस्तोवर बघायला तेच असतात. प्रवेश दुपारचाच असतो, दर आणि वेळ निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारून घ्या. उन्हाळ्यात मनोऱ्यावर बसणं म्हणजे शिक्षाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ, मात्र तेव्हा साडेपाचलाच उजेड ढळायला लागतो आणि आयएसओ 3200 च्या पुढे जातो. तेवढा नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) काळ्या केसांत चालवून घ्या, शटर मात्र 1/500 खाली आणू नका.