जुळी कलमं, वेगळे नशीब: बंदुका घेऊन बसलेल्यांवर खटला भरायचा तर कोणता?

मूट कोर्टसाठी (कायद्याच्या विद्यार्थ्यांचा लुटुपुटीचा खटला) अमेरिकी फौजदारी कायदा निवडलेल्यांपुढे हा पेच हमखास येतो. शस्त्रधारी सरकारविरोधी टोळीने सरकारी जागा बळकावली आहे आणि तुम्ही सरकार पक्षाचे वकील आहात. मग कलम ३७२ लावायचं (अधिकाऱ्यांना धाकदपटशाने कामापासून रोखण्याचा कट), की कलम २३८४ (सरकारविरुद्ध बळ वापरण्याचा कट, म्हणजे ‘सिडिशस कॉन्स्पिरसी’)?

जुनेपणावर निवड करता येणार नाही, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. अमेरिकी यादवी युद्धातल्या बुल रनच्या लढाईत उत्तरेची, म्हणजे संघराज्य सरकारच्या फौजेची, दाणादाण उडाली आणि त्यानंतर दहा दिवसांनी, ३१ जुलै १८६१ रोजी, कटांविरुद्धचा एक छोटासा कायदा झाला. त्यातून ही दोन्ही कलमं निघाली. तेव्हा कमाल शिक्षा सहा वर्षं होती. २३८४ ची शिक्षा १९५६ मध्ये वीस वर्षांवर गेली, ३७२ मात्र आजही सहावरच आहे.

एक गल्लत आधीच टाळा. ‘सिडिशन’ म्हटलं की आपल्याला १९०८ चा टिळकांचा खटला आठवतो. तो ‘केसरी’तल्या लेखांवर होता. २३८४ ला लेख किंवा भाषण पुरत नाही, बळ वापरायचं असं निदान दोघांचं ठरलेलं असावं लागतं. आपल्या जुन्या दंड संहितेत याचं नातं १२४-अ (राजद्रोह) पेक्षा १२१-अ (सरकारविरुद्ध युद्धाचा कट) शी जवळचं.

आता ३७२. याची खरी परीक्षा ओरेगॉनमधल्या मॅल्हूर अभयारण्यात झाली. २ जानेवारी २०१६ ला सरकारी जमिनींच्या मालकीला आव्हान देणाऱ्या अॅमन बंडी आणि त्याच्या साथीदारांनी तिथल्या रिकाम्या इमारतींचा ताबा घेतला. तो ४१ दिवस टिकला, आणि त्यातच त्यांच्यापैकी लव्हॉय फिनिकम पोलिसांच्या गोळीने मारला गेला. सगळं कॅमेऱ्यासमोर घडलेलं, ताबा कुणी नाकारतही नव्हतं. तरी ऑक्टोबर २०१६ मध्ये ज्युरीने पहिल्या सातही आरोपींना कटाच्या आरोपातून सोडलं! मेख अशी की ३७२ मध्ये जागा बळकावणं हा गुन्हाच नाही. कर्मचाऱ्यांना कामापासून रोखायचं असं ठरलं होतं का, एवढंच ते विचारतं. बंडीने साक्षीत सांगितलं की जमिनीवर कब्जा सांगून मालकीचा वाद कोर्टात न्यायचा होता. कर्मचारी कामावर आले नाहीत हे खरं, पण तो कटाचा हेतू होता की नुसता परिणाम, यावर खटला अडकला.

गंमत म्हणजे सरकारी मालमत्ता बळाने ताब्यात घेण्याचा कट असे शब्द कायद्यात आहेतच, फक्त ते २३८४ मध्ये. मॅल्हूरला ते अंगाबरोबर शिवल्यासारखे बसतात. तरीही ते कलम लावलं गेलं नाही, आणि माझ्या मते सरकारी वकिलांनी शहाणपणाच केला. त्याआधी, २०१० मध्ये, मिशिगनच्या ‘हुटारी’ या शस्त्रधारी टोळीवर तेच कलम लावलं होतं. पोलिसाला मारून अंत्ययात्रेवर हल्ला करण्याच्या गप्पा, मशीनगन, सगळा मालमसाला होता. पण मार्च २०१२ मध्ये न्यायाधीश व्हिक्टोरिया रॉबर्ट्स यांनी हा आरोप ज्युरीपर्यंत जाऊच दिला नाही. पोलिसांबद्दलचा द्वेष वेगळा आणि संघराज्य सरकारच्या सत्तेला बळाने विरोध करण्याचं ठरवणं वेगळं, असा त्या निर्णयाचा रोख. शेवटी दोघांनी मशीनगन बाळगल्याची कबुली दिली.

मग २३८४ चालतं कुठे? जिथे कटाचं बोलणं लेखी सापडतं तिथे. ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉल (अमेरिकी संसद भवन) हल्ल्यानंतर ‘ओथ कीपर्स’ या सरकारविरोधी शस्त्रधारी संघटनेचे संदेश मिळाले, व्हर्जिनियातल्या हॉटेलात ठेवलेल्या शस्त्रांचा पुरावा मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये म्होरक्या स्ट्युअर्ट ऱ्होड्स २३८४ खाली दोषी ठरला आणि त्याला अठरा वर्षं झाली. मूटसाठी सोनं आहे ते याच निकालात: त्याच ज्युरीने ऱ्होड्सला ३७२ मधून सोडलं, आणि प्रत्यक्ष कॅपिटॉलमध्ये घुसलेल्या दोन साथीदारांना २३८४ मधून सोडून ३७२ खाली दोषी धरलं. आखणी करणारा एका कलमात गेला, आत जाऊन खासदारांच्या कामात अडथळा आणणारे दुसऱ्यात. (जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ऱ्होड्सची शिक्षा कमी करून त्याला सोडलं, पण तो कलमाचा दोष नव्हे.)

त्यामुळे तुमच्या प्रश्नपत्रिकेत आरोपींचे आपसातले संदेश असतील आणि त्यांचं लक्ष्य सरकारची सत्ता असेल, तरच २३८४ ला हात घाला. नुसती आरडाओरड आणि बंदुका असतील तर ते कलम न्यायाधीशच उडवतील. कर्मचाऱ्यांना दिलेल्या धमक्या दाखवता येत असतील तर ३७२.

पण दोन्हींपैकी काहीही निवडा, सोबत साधी कलमं लावायला विसरू नका. मॅल्हूरच्या दुसऱ्या खटल्यात, मार्च २०१७ मध्ये, सरकारने हीच दुरुस्ती केली आणि विनापरवाना प्रवेशासारखे किरकोळ आरोपही जोडले. चौघांपैकी दोघे ३७२ खाली दोषी ठरले. उरलेले दोघे कटातून सुटले खरे, पण सरकारी जमिनीत खंदक खणून नुकसान केल्याबद्दल दोषी ठरले. तिथे हेतूवर कीस पाडायला जागाच नव्हती, खड्डा समोर होता.