तंबू की देवळाचा ओटा? दिवाळीच्या आगेमागे, एका रात्रीच्या सायकल मुक्कामासाठी

शनिवारी दुपारी निघायचं, कुठंतरी एकट्यानं रात्र काढायची आणि रविवारी जेवायला घरी. एवढाच बेत असेल तर सायकल कोणती, टायर केवढे, कॅरिअर लावायचं की नाही हे तुमचं ठरलेलं असणार. रात्री अंग कुठं टाकायचं, हे मात्र दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं. मी दोन्ही करून बघितलंय. आधी तीन वर्षं तंबू, मग बहुतेक वेळा देऊळ. रस्ता थोड्याफार फरकानं तोच: पुण्याहून खडकवासला, खानापूर, तिथून डावीकडे वळून पाबे घाट आणि खाली वेल्हे. परतताना नसरापूर आणि कात्रजचा जुना घाट. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे पुढचं सगळं या मावळपट्टीचा माणूस बोलतोय असं समजून वाचा. कोकणात किंवा मराठवाड्यात गणित वेगळं असू शकेल.

आधी तंबूची बाजू, कारण ती मला अजूनही आवडते. आपलं घर आपल्याबरोबर. अंधार पडायच्या आत जागा दिसली की थांबायचं, कुणाला काही विचारायचं नाही. (विचारावं लागतंच, पण त्याकडे येतो.) नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेपाचला जागा सापडली पाहिजे. भातकापणी झालेली असली तर मोकळी खाचरं असतात, सपाट, मऊ, खुंटी हातानं आत जाते. तोरण्याच्या अंगाला अशा एका खाचरात झोपलो होतो तेव्हा रात्री अडीचला जाग आली. चेन उघडून बाहेर डोकं काढलं तर चांदण्यात पेंढ्याच्या गंजी आणि मागं काळाकभिन्न डोंगर. अशी रात्र ओट्यावर मिळत नाही, हे मान्य. डास आत येत नाहीत, कपडे बदलायला आडोसा लागत नाही, आणि सामान उशाशी घेऊन झोपता येतं.

देवळाची बाजू पहिल्यांदा ऐकली की बहुतेक जण कचरतात. परवानगी कुणाची घ्यायची? लोक काय म्हणतील? माझा अनुभव असा की गावात शिरल्यावर पहिल्या टपरीवर चहा घ्यायचा आणि तिथंच विचारायचं. तिथून गुरव, पोलीस पाटील किंवा नुसतेच कुणीतरी ‘अण्णा’ यांच्यापर्यंत बात पोचते. कुठले, काय करता, एकटेच का, घरी भांडण झालं का, एवढी चौकशी होते. मग ‘झोपा की, देवाचंच आहे’ असं म्हणून माणूस बल्बचं बटण दाखवून जातो. एकदा एका आजीनं न मागता भाकरी आणि घेवड्याची भाजी आणून दिली आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

तंबूवाल्यालाही हीच चौकशी चुकत नाही, फक्त ती उशिरा होते. शेत कुणाचं तरी असतंच. रात्री दहाला बॅटरीचा झोत कापडावर पडतो आणि बाहेरून ‘कोन हाय रं आत?’ असा आवाज येतो, तेव्हा झोपेतून उठून, अर्ध्या चड्डीवर, आपण चोर नाही हे पटवून द्यावं लागतं. देवळात हा कार्यक्रम संध्याकाळी, चहासोबत उरकलेला असतो.

देवळाच्या अडचणी लपवत नाही. शहाबादी फरशी रात्री दोननंतर गार पडते, जाड मॅट नसेल तर कंबर बोलायला लागते. प्रसादाच्या खोबऱ्याला उंदीर येतात. दानपेटीच्या शेजारी पथारी पसरू नका, अगदी तिथंच वारा येत नसला तरी. सकाळी पेटीत दहा रुपये कमी निघाले तरी आधी तुमचीच आठवण होईल. अलीकडे चोऱ्यांमुळे काही देवळांना जाळीचं दार आणि कुलूप असतं, तिथं बाहेरच्या कट्ट्यावर समाधान मानावं लागतं. मारुतीचं देऊळ शनिवारी टाळलेलं बरं, तेल-नारळाची वर्दळ रात्री उशिरापर्यंत चालते. आणि वर नजर टाका: मंडपाच्या कोपऱ्यात आग्या मोहोळ असेल तर नमस्कार करून पुढचं गाव गाठायचं.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे काकडा. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगावी पहाटे काकड आरती असते, म्हणजे सायकलवर बाहेर पडायला जो सगळ्यात चांगला महिना, नेमका तोच. मला हे पहिल्या वेळी ठाऊक नव्हतं. विठ्ठलाच्या देवळात, कर्ण्याच्या बरोब्बर खाली झोपलो होतो. साडेचारला कर्णा खरखरला आणि पाठोपाठ मृदंग सुरू झाला. डोळे उघडले तेव्हा माझ्या पायाशी सात-आठ म्हातारी माणसं कानटोप्या घालून उभी होती. मला वळसा घालून आरती चालली होती, उठवावं असं कुणाला वाटलं नव्हतं. ओशाळून उठलो, पिशवी गुंडाळली, टाळ हातात आला. तेव्हापासून मी वेशीबाहेरचं भैरोबाचं नाहीतर वाघजाईचं लहानसं देऊळ शोधतो.

आता ज्या एका गोष्टीनं माझ्यापुरता निकाल लावला ती सांगतो. दहिवर, म्हणजे दव.

पाऊस गेलेला असतो, पण जमीन आणि खाचरं अजून ओलीच असतात. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. अशा रात्री जमीन आणि तिच्यावरचं सगळं काही आपली ऊब उघड्या आभाळाला देऊन टाकतं. तंबूचं पातळ कापड सगळ्यात आधी गार होतं आणि हवेतली ओल त्याच्यावर धरते. आतून आपला श्वास असतोच. दुहेरी कापडाच्या तंबूत थेंब अंगावर पडत नाहीत हे खरं, पण बाहेरचं कापड पहाटे पिळून काढावं इतकं भिजतं. झाडाखाली तंबू लावला तर फरक पडतो. पानांचं छत मध्ये येतं, दव कमी धरतं. पण सपाट, झाडाखाली, मुंग्या नसलेली आणि मालकाला चालणारी जागा साडेपाच वाजता मिळाली तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीटही काढा.

मोठ्या सहलीत याचं काही वाटत नाही. दुपारी कुठंतरी कापड पसरलं की वाळतं. पण इथं रात्र एकच आहे. उजाडतं साडेसहाच्या पुढे, डोंगराआडून ऊन खाचरात उतरायला माझ्या तिथं आठ वाजून गेले. मग कापड वाळेपर्यंत नऊ, साडेनऊ. म्हणजे गारव्यात घाट चढायचे दोन तास ओल्या कापडाकडे बघत घालवायचे आणि महामार्गावर उन्हात, ट्रकांच्या धुरात भर घालायला निघायचं. नाहीतर तसाच ओला गुंडाळायचा. किती पाणी धरलं ते मी कधी तोलून पाहिलं नाही. कात्रजच्या चढावर मांड्यांना कळलं तेवढं पुरे.

आणि घरी आल्यावर? रविवारी दुपारी जेवून आडवं व्हायच्या वेळी सोसायटीच्या गच्चीवर तंबू वाळत घालायचा, वॉचमनला ‘लग्नाचा मांडव नाही’ म्हणून सांगायचं आणि पापडवाल्या काकूंशी दोरीवरून वाद घालायचा. एका वर्षी दिवाळीची गडबड होती, पिशवी तशीच माळ्यावर गेली आणि आठवण आली ती आठवड्यानं. कुबट वास, शिवणींवर बुरशीचे काळे ठिपके. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आतला पाणी अडवणारा थर चिकट होऊन पापुद्र्यांसारखा सुटायला लागला. चूक माझीच, कंपनीला दोष नाही. पण एका रात्रीच्या झोपेसाठी आठवडाभर निस्तरत बसायचं हे मला काही झेपलं नाही.

ओट्यावर डोक्यावर स्लॅब किंवा कौलं असतात. तिथं दव धरत नाही. पहाटे साडेपाचला मच्छरदाणी चुरगाळून पिशवीत कोंबली, ओटा झाडला, पेटीत काहीतरी टाकलं की सहाला मी रस्त्यावर. परतीचा पाऊस रेंगाळलेला असला तरी चिंता नाही. सामानही निम्मं होतं: मॅट, पातळ स्लीपिंग बॅग, आपल्या आपण उभी राहणारी मच्छरदाणी. ही तशीच घ्या, देवळाच्या खांबांना खिळे ठोकायचा प्रसंग येऊ नये. सगळं मागच्या कॅरिअरवर एका पिशवीत मावतं, बाजूच्या दोन पिशव्या लागतच नाहीत.

तरी तुम्ही तंबूच घ्यावा असे प्रसंग आहेत. केळदच्या पुढं मढे घाटाच्या पठारावर सूर्योदय बघायचा असेल तर ओट्यावर झोपून भागणार नाही. तिथं वाराही असतो, दव कमी धरतं असं मला वाटलं, पण मी दोनदाच गेलोय. सोमवारी सुट्टी असेल तर वाळवायचा प्रश्न निम्मा होतो. अनोळखी माणसांशी बोलायचा मनापासून कंटाळा असेल तर देऊळ तुमच्यासाठी नाही, तिथं बोलावंच लागतं. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे, उसाच्या पट्ट्यात, बिबट्यांमुळे मी उघड्यावर तंबू लावणार नाही आणि उघड्या ओट्यावरही झोपणार नाही, तिथं कुणाच्या तरी घराची पडवी मागावी. एकट्या बाईला सल्ला देण्याइतका माझा अनुभव नाही. ओळखीतल्या दोघी अशा फिरतात, त्या थेट घरातच मुक्काम मागतात आणि तंबू, देऊळ दोन्ही टाळतात.

आधी तंबू विकत घेऊन मग ठरवू असं मात्र करू नका. कुणाचा तरी मागून आणा, दिवाळीनंतरच्या एका शनिवारी खाचरात झोपा, आणि रविवारी दुपारी तो स्वतः वाळवा. माझा देतो, वासाचं तेवढं सांभाळून घ्या.