मडगावची जून क्रांतीची पायी फेरी: जरूर करा, पण मराठीतली मागून घ्या

आम्ही फोंड्याहून मुद्दाम पावसाळ्यातच गेलो, मी आणि माझी नववीतली लेक. गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीविरुद्ध जून क्रांतीची सभा 18 जून 1946 ला मडगावात झाली तेव्हा पाऊस होता, म्हणून ही फेरी जूनमध्ये छत्री घेऊनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. स्थानिक तरुणांचा एक छोटा गट रविवारी सकाळी ती घेतो. माणशी 300 रुपये, चहा त्यातच. मराठीतून हवी असेल तर आधी कळवावं लागतं.

सुरुवात लोहिया मैदानावर. वाटाड्याने आधी इतिहास सांगितलाच नाही. प्रत्येकाच्या हातात एक लग्नपत्रिका आणि निळी पेन्सिल दिली. म्हणाला, "तुम्ही सेन्सॉरवाले. काय खोडायचं ते खोडा." पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात लग्नाची पत्रिकासुद्धा आधी तपासून घ्यावी लागे. माझ्या लेकीने ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. गणपती, मुहूर्त, आप्तेष्टांची नावं. "यात खोडण्यासारखं काय आहे?" तिने विचारलं. तो म्हणाला, "बाय, काही नसलं तरी विचारायला जावंच लागायचं."

मग सभेची हकीकत त्याने मैदानावरच उभं राहून सांगितली, आणि ती ऐकण्यासाठी तरी जावं. समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया आग्र्याच्या तुरुंगातून सुटून असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीला आले होते. इथे सभा घ्यायची मुभा नाही हे कळलं, म्हणून दोघांनी सभाच ठरवली. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन मिरांडा याने पिस्तूल काढलं, तर लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. लोहिया आणि मिनेझिस दोघांनाही अटक झाली, पण जमलेल्या लोकांनी घोषणा द्यायच्या थांबवल्या नाहीत. दांडीला मीठ उचलून कायदा मोडला होता, इथे नुसतं तोंड उघडलं की मोडत होता. गोव्याचा सत्याग्रह समजून घ्यायचा तर हे आधी समजायला हवं, आणि ते या फेरीत नीट समजतं.

पुढचा भाग मात्र घाईचा झाला. त्यानंतर वत्सला कीर्तनी ही तरुण मुलगी भाषणाला उभी राहिली, पकडली गेली, आणि तिच्यामागे बायका पोलीस ठाण्यावर गेल्या. एवढ्या मोठ्या गोष्टीला एकच वाक्य! चहाला मात्र बराच वेळ. नंतर एकदम 19 डिसेंबर 1961 वर, म्हणजे गोवा मुक्त झाला त्या दिवसावर उडी. मधली पंधरा वर्षं गाळून कसं चालेल? त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर या स्वातंत्र्यसैनिकांना थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. 15 ऑगस्ट 1955 ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला हातात तिरंगा घेऊन नि:शस्त्र आलेल्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. ही माणसं सांगायची राहिली, तर गोवा फक्त लष्करानेच सोडवला असं मुलं समजून बसतील. मी हे वाटाड्याला तिथेच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं.

रहदारीचा आवाज फार असतो, त्यामुळे पुढे उभं राहा. शाळांनी आठवीपासूनच्या मुलांना जरूर न्यावं, पण दहा-बाराच्या गटाने. अख्खा वर्ग नेला तर पत्रिका सगळ्यांच्या हातात पडायच्या नाहीत.