शिरोड्याचं जाडं मीठ: खारवायला उत्तम, आमटीला नको

सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ घ्यायचं तर उन्हाळ्यात घ्या, आणि तेही जुन्या राशीतलं. नव्या राशीत कडू पाणी पुरतं निथळलेलं नसतं. मूठ घट्ट दाबून उघडा. तळवा ओला झाला तर ते मीठ पावसाळ्यात बरणीतच पाणी सोडणार. दोष मॅग्नेशियमच्या क्षारांचा.

करडेपणा मातीचा असतो. 1 किलो मीठ 3 लिटर पाण्यात विरघळवून रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी फडक्यातून गाळा आणि स्टीलच्या पातेल्यात आटवा. तळाशी थोडं पाणी असतानाच आच बंद करून ते ओतून टाका. खडखडीत आटवलंत तर कडवटपणा पुन्हा मिठातच.

खारातल्या कैऱ्यांसाठी याला तोड नाही. पिठी मिठातल्या गुठळी न होऊ देणाऱ्या पुडीने खार गढुळतो, याने नाही. 1 लिटर पाण्याला 200 ग्रॅम, उकळून पूर्ण गार करून. मीठ वजनानेच घ्या. खड्यांमधल्या पोकळीमुळे वाटीच्या मापात ते कमी पडतं आणि कैरी नासते. वर बशी दाबून ठेवा, तरंगलेल्या कैरीवर बुरशी हमखास.

रोजच्या जेवणात मात्र नको, आणि इथे कायदाही आडवा येतो. 2006 पासून देशभर आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडताना त्यात दहा लाख भागांत किमान 15 भाग आयोडीन हवं. तेच मीठ मासे खारवायला किंवा गुरांसाठी म्हणून, तसं लेबल लावून, विकलं तर चालतं. रास एकच, गुन्हा ठरतो तो कशासाठी विकलं यावर.

मे 1930 मध्ये याच शिरोड्यात सत्याग्रह झाला तेव्हा सरकारला आयोडीनअभावी होणाऱ्या गलगंडाचं काही पडलेलं नव्हतं. कर चुकवून मीठ उचललं, एवढाच गुन्हा. तो कर 1947 मध्ये गेला. फ्रान्सची तऱ्हा आणखी न्यारी: 1790 पर्यंत तिथल्या बऱ्याच प्रांतांत आठ वर्षांवरच्या प्रत्येकामागे ठरावीक मीठ विकत घेणं सक्तीचं होतं. ते ताटात चाले, पण त्यात मांस खारवलं की गुन्हा! आपल्या आजच्या नियमाच्या बरोब्बर उलट. शेजारच्या ब्रिटनी प्रांतात हा करच नसल्याने सीमेवरून चोरटं मीठ येई आणि पकडला गेलेला गलबतावर वल्ही मारायला जाई.

तेव्हाचे दोन्ही कायदे खजिन्यासाठी होते, आजच्याला निदान कारण आहे. समुद्राच्या मिठात आयोडीन आपोआप असतंच, हा समज चुकीचा. ते नाममात्र असतं. म्हणून आमटीला पाकिटातलंच मीठ, तेही शिजल्यावर घाला आणि झाकणाच्या बरणीत ठेवा. कोकणच्या दमट हवेत उघडं राहिलं तर त्यातलं आयोडीन उडतं. ते खड्याच्या वरच्या थरावर असतं, त्यामुळे पाकिटातलं जाडं मीठ धुऊन घेऊ नका.