छापलेला जबडा, आधीच वाकवलेली प्लेट: आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या विभागात साधा, फिलामेंटवर (प्लास्टिकच्या तारेवर) चालणारा थ्रीडी प्रिंटर येऊन आठ महिने झाले. तोंडाच्या कर्करोगात खालच्या जबड्याचा तुकडा काढला की तिथे टायटॅनियमची प्लेट बसवायची असते. पूर्वी पेशंट भुलीखाली असताना ती वाकवत बसायचो. लावून बघायची, काढायची, पुन्हा वाकवायची. उलटसुलट वाकवलेली प्लेट पुढे त्याच जागी तुटू शकते, याची धास्ती वेगळीच. आता आदल्या दिवशी छापलेल्या जबड्यावर प्लेट निवांत वाकवतो आणि निर्जंतुक करायला पाठवतो. गाठीने हाड फुगलं असेल, तर निरोगी बाजू आरशासारखी उलटवून छापतो. एवढ्या एका कामासाठीही हे मशीन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं मॉडेल मात्र वाया गेलं. मॉडेल पेशंटच्या सीटी स्कॅनवरून बनतं आणि त्या सीटीचे काप 5 मिमी जाडीचे होते, त्यामुळे हाडावर जिन्यासारख्या पायऱ्या उमटल्या. दोष प्रिंटरचा नव्हता. आता सीटीच्या चिठ्ठीवरच ‘काप 1 मिमी किंवा कमी’ असं लिहितो. दातांत धातू भरलेला असला की स्कॅनमध्ये रेघा उमटतात, त्या हाताने पुसाव्या लागतात. थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि उत्तम आहे, पण स्कॅनमधून हाड वेगळं करायला रेडिओलॉजिस्ट शेजारी हवा. डोळ्याच्या खोबणीचा तळ इतका पातळ असतो की मॉडेलमध्ये तिथे भोक दिसतं. आम्ही एकदा ते फ्रॅक्चर समजलो होतो. मूळ सीटी उघडला, तेव्हा हाड शाबूत दिसलं.

अख्खा जबडा 0.2 मिमीच्या थरांनी छापायला आमच्याकडे नऊ-दहा तास लागतात. पावसाळ्यात फिलामेंट ओल धरतं आणि छपाईत तंतू सुटतात, म्हणून रीळ सिलिका जेलसकट बंद डब्यात ठेवतो. पीएलए, म्हणजे आमच्या फिलामेंटचं प्लास्टिक, साधारण 60 अंशांनाच मऊ पडतं, त्यामुळे ते ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात) चालत नाही. मॉडेल ओटीत नेतो, पण निर्जंतुक टेबलापासून लांब ठेवतो. छापून झालं की दोन-तीन अंतरं व्हर्नियरने मोजून सीटीशी ताडतो, आणि मगच प्लेट हातात घेतो.

सगळ्यात जास्त उपयोग समजावून सांगताना झाला. एका पेशंटच्या पत्नीने मॉडेल हातात घेऊन, बोट फिरवत विचारलं, “इथून इथपर्यंत काढणार ना? मग दात कशावर बसतील?” एक्स-रे दाखवून इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. काढलेल्या तुकड्याच्या जागी पायाचं हाड कुठे बसवणार, हे मग त्याच मॉडेलवर दाखवलं.

जबड्यासाठी हा प्रिंटर पुरेसा आहे. डोळ्याच्या खोबणीच्या कामासाठी आता रेझिनचा (द्रव प्लास्टिक थराथराने घट्ट करणारा) प्रिंटर मागतो आहे.